विश्लेषण : ठरलेल्या वेळी संकेतस्थळ का कोलमडते? ‘लोड बॅलन्सर’ नेमके काय करतो?

दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला. साडेचौदा लाखांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढच्या काही दिवसांत एकाच संकेतस्थळावर जायचे होते. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. तोवर ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावतीपुरती होती. कराड तालुक्यातल्या उंब्रजसारख्या गावातला विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचा आणि तिथेच अर्ज भरायचा. आता तोही मुंबईच्या विद्यार्थ्यासोबत एकाच रांगेत आला. ही रांग मात्र कोणाला दिसत नव्हती.

२१ मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि संकेतस्थळ कोलमडले. अखेर नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. पाच दिवसांनी काय बिघडते, असे शहरात बसून म्हणता येईल. पण ज्या घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तोही वडिलांच्या खिशात कामावर जातो, तिथे सायबर कॅफेची एक फेरी वाया जाणे म्हणजे कोणाचा तरी रोजगार बुडणे.

तासवडे नाक्यावरून समजून घेऊ

उंब्रजहून कराडकडे निघाले की वाटेत तासवडे टोल नाका लागतो. महामार्गावरची सगळी वाहने एकाच लेनमध्ये घातली तर रांग उंब्रजपर्यंत यायला वेळ लागणार नाही. म्हणून तिथे अनेक लेन असतात. तरीही एखाद्या लेनमध्ये दहा ट्रक आणि शेजारची मोकळी, असे चित्र दिसतेच, कारण लेन चालक स्वतः निवडतो.

आता नाक्याच्या अलीकडे एक माणूस उभा आहे आणि प्रत्येक वाहनाला ‘तू तिकडे जा’ असे सांगतो आहे, असे समजा. हा माणूस म्हणजे लोड बॅलन्सर आणि लेन म्हणजे सर्व्हर. तो पाळीपाळीने वाहने पाठवू शकतो किंवा ज्या लेनमध्ये सर्वांत कमी वाहने उभी आहेत तिकडे वळवू शकतो. पहिल्या पद्धतीला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात, दुसरीला ‘लीस्ट कनेक्शन्स’. प्रत्येकाचे काम सारख्याच वेळात होत असेल तर पहिली पुरते. कोणी फक्त यादी पाहतो आहे आणि कोणी कागदपत्रे अपलोड करतो आहे, अशा ठिकाणी दुसरी बरी.

क्लाउडवर तो कसा बसवतात?

पूर्वी यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडवर ही सेवा २००९ मध्ये आणली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. आज हे काम काही क्लिकमध्ये होते.

आधी एकच प्रणाली किमान दोन सर्व्हरवर चढवायची आणि ते दोन वेगळ्या ‘झोन’मध्ये ठेवायचे, म्हणजे एका इमारतीची वीज गेली तरी दुसरा चालू राहतो. मग या सर्व्हरचा एक गट करायचा आणि त्याच्यापुढे लोड बॅलन्सर ठेवायचा. संकेतस्थळाचे नाव लोड बॅलन्सरकडे वळवायचे आणि सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही तिथेच बसवायचे. सर्व्हरनी थेट इंटरनेटवरून आलेले कोणाचेही ऐकायचे नाही, फक्त लोड बॅलन्सरचे ऐकायचे, असा नियम घालायचा.

खरी कसोटी ‘हेल्थ चेक’मध्ये असते. ‘जिवंत आहेस का?’ असे लोड बॅलन्सर प्रत्येक सर्व्हरला ठरावीक वेळाने विचारतो. ॲमेझॉनच्या सेवेत हा कालावधी बदलला नाही तर ३० सेकंदांचा असतो. सलग दोनदा उत्तर आले नाही की त्या सर्व्हरकडे नवे लोक पाठवणे थांबते. नवखे इथेच अडकतात. सुरक्षेचा नियम इतका कडक होतो की हेल्थ चेकचा प्रश्नच आत पोहोचत नाही आणि धडधाकट सर्व्हर आजारी ठरतो. उलट, आत काहीच चालत नसताना ‘ओके’ म्हणणारे पान ठेवले, तर आजारी सर्व्हर ठणठणीत ठरतो.

दुसरी अडचण वापरणाऱ्याला जास्त छळते. ओटीपी टाकून एका सर्व्हरवर प्रवेश केला, पुढचे पान दुसऱ्या सर्व्हरकडे गेले आणि त्याला तुमची ओळखच नाही. मग अर्धा अर्ज भरून झाल्यावर ‘पुन्हा लॉगिन करा’. यावर उपाय म्हणजे लॉगिनची माहिती एका सर्व्हरवर न ठेवता सगळ्यांना वाचता येईल अशा सामाईक जागी ठेवणे.

मग एवढे करून भागते का?

नाही. लोड बॅलन्सर गर्दी वाटतो, लेन वाढवत नाही. क्लाउडमध्ये गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण नवा सर्व्हर सुरू होऊन कामाला लागेपर्यंत बऱ्याचदा काही मिनिटे जातात. नोंदणीची वेळ जाहीर झालेली असली की गर्दी मिनिटांत नव्हे, सेकंदांत येते. खुद्द लोड बॅलन्सरलाही एकदम आलेला लोंढा झेपेलच असे नाही. त्याची क्षमताही आधी राखून ठेवावी लागते. ज्या गर्दीची तारीख आणि वेळ आपणच जाहीर केली आहे, तिच्यासाठी सर्व्हर आदल्या रात्री वाढवून ठेवणे यात अवघड काही नाही. गर्दी ओसरली की ते बंद करता येतात आणि त्यांचे भाडेही थांबते. क्लाउड घ्यायचा तो यासाठीच.

शिवाय सगळ्या सर्व्हरमागे डेटाबेस बहुधा एकच असतो. नाक्यावर वीस लेन उघडल्या आणि पुढे कामासाठी रस्ता एका पदरावर आणला, तर काय होते हे महामार्गाचे सहापदरीकरण अनुभवलेल्यांना सांगायला नको. म्हणून महाविद्यालयांच्या यादीसारखी सारखी न बदलणारी माहिती डेटाबेसला न विचारता वेगळ्या प्रतीतून द्यायची आणि भरलेले अर्ज रांगेत घेऊन सावकाश नोंदवायचे, अशी व्यवस्था लागते.

पान उघडत नसले की बोट ‘रिफ्रेश’वर जाते. तसे केल्याने आधीची विनंती बहुधा मागे घेतली जात नाही. सर्व्हर ती सोडवत राहतो आणि तिच्यामागे तुमचीच दुसरी विनंती उभी राहते. लाखो लोकांनी चार-चार वेळा तेच केले की मूळ गर्दी पाचपट होते.

अकरावीच्या नोंदणीआधी १९ आणि २० मे रोजी विद्यार्थ्यांना सरावासाठी संकेतस्थळ खुले होते. अशा सरावात अर्ज कसा भरायचा ते कळते. पण लाखो लोक एकाच मिनिटाला आले तर काय, हे पाहायला वेगळी चाचणी लागते. त्यासाठी ‘जेमीटर’सारखी मोफत साधने खोटे वापरकर्ते तयार करून संकेतस्थळावर सोडतात आणि कितव्या हजाराला ते अडखळते हे मोजून दाखवतात.