नागरी देयकांचा ऑनलाइन भरणा : सोय, महसूल आणि स्वायत्तता

दिल्लीच्या उत्तर भागातील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय उभे आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू आणि दौलतराव शिंदे यांचे मेहुणे. एकोणिसाव्या शतकात या टेकडीवर त्यांचे निवासस्थान होते. त्यावरूनच परिसराला आणि रुग्णालयाला हे नाव मिळाले. हे रुग्णालय महानगरपालिकेचे आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडची साथ सुरू असतानाच, येथील निवासी डॉक्टरांना थकीत वेतनासाठी आंदोलन करावे लागले. त्या वेळी रुग्णालय उत्तर दिल्ली महानगरपालिकेच्या अखत्यारीत होते. पालिकेच्या तिजोरीत पैसा वेळेवर आला नाही, तर त्याची झळ थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. नागरी देयकांचा भरणा कोणत्या मार्गाने होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाही. तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आर्थिक स्वायत्ततेशी निगडित आहे.

घटनात्मक चौकट

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. ही दुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नमूद केले आहेत. कर आकारण्याचे अधिकार मात्र अनुच्छेद 243-एक्स अन्वये राज्य विधिमंडळाच्या कायद्यावर अवलंबून ठेवले आहेत. म्हणजेच कामे अनेक, पण उत्पन्नाची साधने मर्यादित, अशी पालिकांची स्थिती आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मुंबईतील जकातही संपुष्टात आली. त्यामुळे पालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे महत्त्व आणखी वाढले. पंधराव्या वित्त आयोगानेही 2021-26 या कालावधीत नागरी संस्थांना अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची व वसुलीत वाढ दाखविण्याची अट घातली होती.

दिल्लीतील मालमत्ता कर

दिल्लीत 1957 च्या महानगरपालिका कायद्यानुसार मालमत्ता कर आकारला जातो. पूर्वी तो अपेक्षित भाड्यावर ठरत असे. त्यात अधिकाऱ्याच्या विवेकाला मोठा वाव होता आणि परिणामी वादही होत. 1 एप्रिल 2004 पासून एकक क्षेत्र पद्धत लागू झाली. वसाहतींचे ए ते एच असे आठ गट करण्यात आले आणि प्रत्येक गटासाठी प्रति चौरस मीटर मूल्य निश्चित करण्यात आले. ए गटासाठी ते 630 रुपये, तर एच गटासाठी 100 रुपये ठरले. या मूल्यास बांधकामाचे क्षेत्रफळ तसेच इमारतीचे वय, रचना, वापर व ताबा यांच्या गुणकांनी गुणल्यास वार्षिक मूल्य मिळते. समजा, 320 रुपये एकक मूल्य असलेल्या डी गटात 100 चौरस मीटरचे घर आहे आणि सर्व गुणक 1 आहेत. अशा घराचे वार्षिक मूल्य 32,000 रुपये होईल. कराचा दर 11 टक्के धरल्यास कर 3,520 रुपये येईल.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागेल. वीज किंवा दूरध्वनीचे देयक संस्था पाठविते आणि ग्राहक ते भरतो. दिल्लीत मालमत्ता कराचे स्वयं-मूल्यांकन अपेक्षित आहे. नागरिक स्वतः आकारणी करून कर भरतो. त्यामुळे संकेतस्थळ येथे दुहेरी काम करते. ते पैसे स्वीकारते, त्याचबरोबर मालमत्तेची माहितीही नोंदवून घेते.

भरणा प्रणालीची उभारणी

ऑनलाइन भरण्यामागे दोन दशकांची संस्थात्मक उभारणी आहे. मार्च 2004 मध्ये मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस व नोव्हेंबर 2005 मध्ये एनईएफटी सुरू झाली. 2007 च्या भरणा व समायोजन प्रणाली कायद्याने रिझर्व्ह बँकेला नियमनाचे स्पष्ट अधिकार दिले. भारतीय राष्ट्रीय भरणा महामंडळाने 2010 मध्ये आयएमपीएस व 2016 मध्ये यूपीआय आणले. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी व डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस अहोरात्र उपलब्ध झाली.

देयकांसाठी खास उभारलेली यंत्रणा म्हणजे भारत बिल पेमेंट सिस्टम. प्रारंभी तीत वीज, पाणी, गॅस, दूरध्वनी व डीटीएच हे पाचच प्रकार होते. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमितपणे येणाऱ्या सर्व देयकांना तीत प्रवेश दिला आणि नागरी करांचा मार्ग मोकळा झाला. ग्राहकाने ॲपमध्ये किंवा बँकेत ग्राहक क्रमांक दिला की त्याची बँक केंद्रीय यंत्रणेमार्फत देयक देणाऱ्या संस्थेकडून थकबाकी मागविते. भरणा होताच पावती मिळते; बँकांमधील हिशेब मात्र त्यानंतर ठरावीक वेळी पूर्ण होतो. ग्राहकाला क्षणार्धात घडल्यासारखा वाटणारा व्यवहार प्रत्यक्षात असा टप्प्याटप्प्याने पार पडतो.

धनादेशाकडून ऑनलाइनकडे

दिल्ली महानगरपालिकेने 1 जुलै 2024 पासून मालमत्ता करासाठी धनादेश स्वीकारणे थांबविण्याचा निर्णय घेतला. न वटणारे धनादेश आणि त्यातून उद्भवणारे वाद हे त्याचे कारण होते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा व्यवहार-खर्चाचा प्रश्न आहे. धनादेश न वटल्यास वसुली, नोटीस आणि 1881 च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाखालील कारवाई यांवर पालिकेचा वेळ व पैसा खर्च होतो. ऑनलाइन भरण्यात रक्कम व मालमत्तेचा ओळख क्रमांक एकत्रच नोंदला जातो आणि ताळमेळ सोपा होतो.

मर्यादा

मात्र भरण्याची सोय म्हणजे कराचा पाया विस्तारणे नव्हे. जी मालमत्ता नोंदवहीतच नाही, तिचा कर कोणत्याही ॲपद्वारे येणार नाही. शिवाय वृद्ध, अल्पशिक्षित किंवा स्मार्टफोन नसलेल्या नागरिकांसाठी भरणा केंद्र व सहायक आवश्यकच राहतात. खात्यातून रक्कम गेली, पण पावती मिळाली नाही, अशा वेळी नागरिकाने काय करावे, हेही स्पष्ट असले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयद्वारे केलेल्या अशा अयशस्वी भरण्यातील रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत येणे अपेक्षित आहे. विलंब झाल्यास दररोज 100 रुपये भरपाई देय आहे. तक्रार न सुटल्यास नोव्हेंबर 2021 पासून एकात्मिक लोकपाल योजनेचा मार्ग उपलब्ध आहे.

समारोप

मे 2022 मध्ये दिल्लीतील तिन्ही महानगरपालिकांचे एकत्रीकरण झाले. तथापि, प्रशासकीय रचना बदलल्याने उत्पन्न आपोआप वाढत नाही. अचूक नोंदी, सोपी आकारणी, विश्वासार्ह भरणा आणि खर्चाचा जाहीर हिशेब या चार बाबी एकत्र आल्या, तरच पालिका स्वतःच्या पायावर उभी राहते. नागरिक कर भरताना पावतीची अपेक्षा करतो. स्वच्छ रस्ता, सुरू असलेली शाळा आणि वेळेवर वेतन मिळालेला रुग्णालयातील डॉक्टर हीच त्या कराची खरी पावती होय.