शकुंतलेसाठी हवेत हौशी हात

मूर्तिजापूर स्टेशनावर मुंबई-नागपूर मुख्य मार्गाला दोन छोट्या लाइनी येऊन मिळाल्या. एक अचलपूरची, 76 किलोमीटर. दुसरी यवतमाळची, 113 किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. अरुंद गेजला रूळ हलके चालतात, भराव कमी लागतो, वळणही आखूड घेता येतं. खर्च वाचतो तो इथेच.

हीच आपली शकुंतला. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं तिचं झेडडी प्रकारचं वाफेचं इंजिन 1923 पासून राबलं आणि 15 एप्रिल 1994 रोजी डिझेलला जागा देऊन थांबलं.

वाफेच्या इंजिनात काहीच झाकलेलं नसतं. भट्टीतला तप्त वायू बॉयलरच्या नळ्यांतून जातो, भोवतीचं पाणी उकळतं. मोकळ्या हवेत वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. बॉयलरमध्ये कोंडली की तिचा दाब सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतो. खरी गंमत पुढे आहे. काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने सुटताना भट्टीतली हवा ओढून घेते. चढावर इंजिन जितकं जोर लावतं, तितका हा ओढा वाढतो आणि आग आपोआप फुलते. हे समजायला फळा लागत नाही. शेजारी उभं राहून ती ‘भक् भक्’ ऐकली की पुरे.

रुळांखाली मात्र काळी माती आहे. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा जमिनीवर लाइन सरळ ठेवायची तर देखभालीला खंड चालत नाही.

हे काम हौशी माणसांना झेपेल? वेल्समधली वेल्शपूल-लॅनफेअर लाइन पाहा. गेज तेच, 762 मिलिमीटर. मूळ इंजिनंही मँचेस्टरचीच, बायर पीकॉकची. 1956 मध्ये बंद पडलेली ही लाइन स्वयंसेवकांनी 1963 मध्ये पुन्हा सुरू केली. आजही तिथे कोळसा टाकण्यापासून तिकीट देण्यापर्यंतची कामं मुख्यतः तेच करतात.

अमरावती-अकोल्यात अभियांत्रिकीची मुलं आहेत, लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. शकुंतलेची लाइन ब्रॉडगेज करायची तर खुशाल करावी, पण अचलपूरच्या बाजूचे चार-पाच किलोमीटर अरुंद रूळ रेल्वेने या हातांकडे सोपवावेत.