सेंट लुईसचे दोन ठराव

जून १९७१. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या ख्रिस्ती पंथाचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. गावोगावच्या मंडळ्यांनी पाठवलेले हजारो प्रतिनिधी सभागृहात बसले होते. मंजूर झालेल्या ठरावांमध्ये एक गर्भपाताविषयी होता. बलात्कारातून किंवा जवळच्या नात्यातल्या संबंधातून राहिलेला गर्भ, गर्भात गंभीर व्यंग असल्याचा स्पष्ट पुरावा, आईच्या भावनिक, मानसिक वा शारीरिक आरोग्याला इजा होण्याची नीट तपासलेली शक्यता, अशा प्रसंगी गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत म्हणून बॅप्टिस्टांनी काम करावं, असं तो सांगत होता. शब्द नीट पाहावेत. ‘खपवून घ्यावं’ असं त्यात म्हटलेलं नाही, ‘काम करावं’ असं म्हटलं आहे.

नऊ वर्षांनी, जून १९८० मध्ये, अधिवेशन पुन्हा त्याच शहरात भरलं. या वेळचा ठराव अगदी वेगळा होता. आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद ठेवून बाकी सगळ्या गर्भपातांवर बंदी आणणारा कायदा किंवा घटनादुरुस्ती करावी, अशी मागणी त्यात होती.

आज अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी चळवळीत हा पंथ पहिल्या रांगेत उभा असतो. टीव्हीवरची चर्चा ऐकणाऱ्याला वाटावं की ही मंडळी पहिल्यापासून, आज्याच्या पणज्याच्या काळापासून हेच मानत आली आहेत. प्रत्यक्षात ही भूमिका पन्नास वर्षांचीही नाही.

‘बॅप्टिस्ट’ हा शब्द मराठीला परका नाही. मराठीचं व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली छापणारे विल्यम कॅरी हे इंग्लंडमधून आलेले बॅप्टिस्ट मिशनरी. त्यांचा छापखाना श्रीरामपूरला होता. बंगालमधल्या, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसानं समजत्या वयात स्वतः विश्वास ठेवून पाण्यात बुडी घ्यावी, ही या पंथाची मूळ धारणा. अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांमध्ये १८४५ साली गुलामगिरीवरून फूट पडली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमता यावं, असं म्हणणारे दक्षिणेकडचे लोक जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथं जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तेच हे सदर्न बॅप्टिस्ट. २०२४ च्या आकडेवारीनुसार जवळपास ४७ हजार मंडळ्या आणि सुमारे १ कोटी २७ लाख सभासद असलेला हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ आहे.

या पंथात पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालक. पाळक नेमायचा तिनं, काढायचा तिनं. दरवर्षी जूनमध्ये प्रतिनिधी जमतात, मतपत्रिका उंचावून ठराव करतात आणि घरी जातात. ते ठराव कुठल्याही मंडळीवर बंधनकारक नसतात. त्यामुळे ‘बॅप्टिस्टांची भूमिका’ म्हणजे त्या त्या वर्षी सभागृहात बसलेल्या लोकांचं बहुमत. रोमन कॅथलिक चर्चची शिकवण ज्या रीतीनं वरून खाली येते, तसा इथं प्रकार नाही. म्हणूनच मत कसं फिरलं याचा माग इथं वर्षावार काढता येतो.

१९७१ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. त्यामागे शांतिलाल शाह समितीच्या शिफारशी होत्या. आईचं शारीरिक आणि मानसिक आरोग्य, बलात्कार, बाळातलं गंभीर व्यंग ही आपल्या कायद्यातली कारणं सेंट लुईसच्या ठरावाशेजारी ठेवली, तर कुणालाही नवल वाटेल. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. काळाची हवाच तशी होती. अमेरिकेत थॅलिडोमाइड या औषधाच्या दुष्परिणामांची चर्चा ताजी होती आणि १९६४-६५ मध्ये रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. व्यंग घेऊन जन्मणारं मूल ही पाळकांनाही घरोघर दिसणारी गोष्ट होती.

शिवाय एक जुनी अढी होती. गर्भपाताला विरोध म्हणजे कॅथलिकांचा विषय, अशी त्या काळच्या बॅप्टिस्टांची समजूत होती. कॅथलिकांशी त्यांचं कधी जमलं नाही. धर्मसत्ता आणि राजसत्ता वेगळ्या असाव्यात हा बॅप्टिस्टांचा तर जुना बाणा. एका चर्चची शिकवण सरकारनं सगळ्यांवर लादावी हे त्यांना मानवणारं नव्हतं.

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य केला. त्या खटल्यात वादीची बाजू लढवणाऱ्या दोघी वकिलांपैकी लिंडा कॉफी स्वतः सदर्न बॅप्टिस्ट होत्या. पंथाच्या बातमीसंस्थेनं निकालाचं स्वागतच केलं. धार्मिक स्वातंत्र्य, समता आणि न्याय यांना त्यामुळे बळ मिळालं, असं तिच्या वार्ताहरानं लिहिलं. डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाळक डब्ल्यू. ए. क्रिसवेल म्हणजे बायबलचा शब्द न् शब्द खरा मानणारा माणूस, त्या विषयावर पुस्तक लिहिलेला, दोन वर्षं पंथाचा अध्यक्ष राहिलेला. तेही समाधानी होते. मूल जन्मून आईपासून वेगळं जगू लागलं की मगच ते स्वतंत्र व्यक्ती ठरतं, असं आपल्याला नेहमी वाटत आलं आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढे त्यांनी हे मत सोडून दिलं.

मग फिरलं काय?

आधी शास्त्राचं पाहू, कारण या पंथात वाद शेवटी तिथंच येऊन ठेपतो. बायबलमध्ये गर्भपात करावा की करू नये असं थेट सांगणारं वचन नाही. जवळ जाणारा उतारा जुन्या करारात, निर्गमच्या २१व्या अध्यायात आहे. दोन माणसांची मारामारी चालली असताना गरोदर बाईला धक्का लागतो आणि तिच्या पोटातलं मूल बाहेर येतं. पुढे दुसरी काही इजा झाली नाही, तर धक्का देणाऱ्यानं दंड भरायचा. इजा झाली, तर जिवाबद्दल जीव. आता ‘मूल बाहेर येतं’ याचा अर्थ काय? गर्भ पडला असा घेतला, तर गर्भाची किंमत दंडापुरती आणि आईची जिवाइतकी, असा हिशेब निघतो. मूल दिवस भरण्याआधी पण जिवंत जन्मलं असा घेतला, तर ‘इजा’ या शब्दात तेही आलं आणि त्याचा जीव आईच्या तोलाचा ठरला. मूळ हिब्रू दोन्हीकडे ओढता येतं.

बायबलशी काटेकोर इमान राखणारं म्हणून या वर्तुळात नावाजलेलं ‘न्यू अमेरिकन स्टँडर्ड’ हे इंग्रजी भाषांतर घ्या. त्याच्या १९७७ च्या आवृत्तीत या जागी गर्भ पडल्याचं लिहिलं आहे. १९९५ च्या आवृत्तीत तिथंच बाई वेळेआधी बाळंत होते. भाषांतरकारांकडे व्याकरणाची कारणं असतील, ती खोटी मानायचं कारण नाही. पण दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात त्यांच्या वाचकांचं मत कुठून कुठे गेलं होतं, हे नजरेआड करता येत नाही. दरम्यान व्यासपीठावरची वचनंही बदलली. निर्गम मागे पडलं. आईच्या उदरात देवानं आपल्याला विणलं असं म्हणणारं १३९वं स्तोत्र पुढे आलं. गर्भात घडवण्याआधीच देवानं ओळखलेला संदेष्टा यिर्मया आणि येशूच्या आईचा, मरियेचा, आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटात उसळी मारणारं बाळ ही उदाहरणं रविवारच्या उपदेशात येऊ लागली.

बदलाची सुरुवात मात्र छोट्या गावांतून झाली, हे सांगायला हवं. टेक्सासमधल्या हॅलेट्सव्हिलचे पाळक रॉबर्ट होलब्रुक यांनी १९७३ मध्येच ‘बॅप्टिस्ट्स फॉर लाइफ’ ही संघटना काढली. निकालानंतर गर्भपातांची संख्या वाढत गेली तशी, १९७१ साली हात वर केलेल्या अनेकांना आपण मागितलं होतं ते हे नव्हे असं वाटू लागलं. त्यांनी मागितली होती चार अपवादांची मुभा. मिळाला सरसकट हक्क. तरी १९७४ साली डॅलसला आधीचाच ठराव पुन्हा मंजूर झाला. मागेल त्याला गर्भपात हे एक टोक आणि प्रत्येक गर्भपात म्हणजे खून हे दुसरं टोक. आपण मध्ये आहोत, असं तेव्हा सांगितलं गेलं. १९७९ मध्ये ख्रिस्ती विचारवंत फ्रान्सिस शेफर आणि बालशल्यविशारद सी. एव्हरेट कूप यांची याच विषयावरची चित्रपटमालिका आली आणि चर्चमध्ये दाखवली जाऊ लागली.

त्याच १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात एड्रियन रॉजर्स अध्यक्ष झाले. निवडणूक साधी नव्हती. पॉल प्रेसलर हे न्यायाधीश आणि पेज पॅटरसन हे धर्मशास्त्रज्ञ यांनी पंथाची घटना नीट वाचली होती. अध्यक्षाला पगार नाही, फारसे अधिकार नाहीत. पण तो एक समिती नेमतो, ती दुसरी समिती सुचवते आणि ती दुसरी समिती धर्मशिक्षण संस्थांचे, मंडळांचे विश्वस्त सुचवते. ओळीनं दहा वर्षं अध्यक्षपद हाती ठेवा, सगळ्या संस्था आपोआप ताब्यात येतात. साखर कारखान्याची आणि जिल्हा बँकेची निवडणूक पाहिलेल्या मराठी वाचकाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. झालंही तसंच. पंथाच्या नीतिविषयक आयोगावर फॉय व्हॅलेंटाइन यांच्यासारखे मवाळ लोक जाऊन १९८८ मध्ये रिचर्ड लँड आले.

यात श्रद्धा किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार भांडतात. रँडल बामर यांच्या मते धार्मिक उजव्यांना प्रथम एकत्र आणलं ते वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीवर आलेल्या गदेनं. गर्भपात नंतर हाती लागला. डॅनियल विल्यम्स यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की गर्भपातविरोधाची स्वतःची जुनी, प्रामाणिक परंपरा होती आणि तिच्यात उदारमतवादीही होते. दोन्ही खरं असू शकतं. पंथाचं यंत्र कुणी फिरवलं हे बामर नीट सांगतात. हॅलेट्सव्हिलचा पाळक १९७३ मध्येच का उठला, हे त्यातून कळत नाही.

२००० साली पंथानं आपलं श्रद्धापत्रक सुधारलं आणि गर्भधारणेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत मानवी जीवनाचं पावित्र्य जपण्याचं कलम त्यात आलं. १९६३ च्या पत्रकात गर्भाचा उल्लेख नव्हता. २००३ मध्ये, ‘रो’ निकालाला तीस वर्षं झाली तेव्हा, फिनिक्सच्या अधिवेशनानं आपल्याच जुन्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला आणि ते नाकारले. गुलामगिरीबद्दल या पंथानं १९९५ मध्ये माफी मागितली होती. चुकलो म्हणायला दीडशे वर्षं तिथं लागली, इथं बत्तीस.

केवळ ठरावांवरच हे थांबलं नाही. ‘साम १३९ प्रकल्प’ या नावानं, म्हणजे त्याच १३९व्या स्तोत्रावरून, २००४ पासून पंथ गर्भवतींच्या मदत केंद्रांना सोनोग्राफी यंत्रं देतो. आईनं पडद्यावर बाळाचं हृदय धडधडताना पाहावं, हा त्यामागचा विचार. सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की आपल्याकडे मुलींचा गर्भ पाडण्याचा धंदा आणि त्याविरुद्धचा कायदा आठवतो. तेच यंत्र तिथं नेमक्या उलट्या कामाला लावलं आहे.

पण ‘गर्भधारणेपासूनच पूर्ण माणूस’ हे एकदा मान्य केलं की ते तत्त्व हिशेब मागत राहतं. २०२१ मध्ये नॅशव्हिलला काही प्रतिनिधींनी गर्भपात अपवादाविना नष्ट करावा असा ठराव ठरावसमितीची इच्छा नसताना सभागृहातूनच पुढे आणला. टप्प्याटप्प्याचे कायदे आम्हाला मान्य नाहीत, असं मूळ मसुद्यात होतं. त्यात एक शब्द घातला गेला, ‘केवळ’. केवळ टप्प्याटप्प्यावर आम्ही विसंबणार नाही. चार दशकं टप्प्याटप्प्यानं लढलेल्या लोकांची अब्रू त्या एका शब्दानं राखली. पुढच्या वर्षी लुईझियानात गर्भपात करवून घेणाऱ्या बाईवरही खुनाचा खटला चालवता यावा, असं विधेयक आलं. त्याच्या खंद्या समर्थकांत एक बॅप्टिस्ट पाळक होता. आणि बाईला गुन्हेगार ठरवू नका असं सांगणाऱ्या पत्रावर सही होती पंथाच्याच नीतिविषयक आयोगाच्या हंगामी प्रमुखाची, ब्रेंट लेदरवूड यांची. विधेयक बारगळलं. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘रो’ निकाल रद्द केला आणि जिंकल्यावर आता काय, हा प्रश्न घरातच उभा राहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रश्न अनपेक्षित बाजूनं आला. त्याच्या काही वर्षं आधी अलाबामातल्या एका रुग्णालयात कुणीतरी गोठवलेल्या भ्रूणांच्या खोलीत शिरलं होतं आणि त्याच्या हातून भ्रूण खाली पडून नष्ट झाले. आईबापांनी दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आता १८७२ च्या एका कायद्याखाली ते भ्रूण ‘मुलं’च ठरवले. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचारांच्या, काही केंद्रांनी घाबरून काम थांबवलं. घाईघाईनं डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

जूनमध्ये इंडियानापोलिसच्या अधिवेशनात हा विषय आला. आयव्हीएफमध्ये एका वेळी अनेक भ्रूण तयार होतात, उरलेले गोठवतात किंवा टाकून देतात. भ्रूण म्हणजे माणूस असेल तर हे काय आहे? ज्यांच्या घरी आयव्हीएफनं पाळणा हलला अशी जोडपी अनेक मंडळ्यांत आहेत, मुलाबाळांसह पुढच्या बाकांवर बसणारी. आयव्हीएफमुळे बाप झालेल्या एका प्रतिनिधीनं तिथंच उभं राहून या ठरावाबद्दलची आपली अडचण सांगितली. तरी ठराव मंजूर झाला. त्यात आयव्हीएफवर सरसकट बंदीची मागणी नव्हती. मूल नसलेल्या जोडप्यांचं दुःख मान्य केलं होतं, गोठवलेले भ्रूण दत्तक घेणाऱ्यांचं कौतुक होतं, आणि भ्रूणाच्या प्रतिष्ठेशी विसंगत गोष्टींना सरकारनं आळा घालावा असं म्हटलं होतं.

नेहमीप्रमाणे तोही कुणावर बंधनकारक नाही. १९७१ चा ठराव पंथाच्या ठरावसंग्रहात आजही शब्दशः आहे. २००३ मध्ये तो नाकारला गेला, पण काढून टाकलेला नाही. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.