तानसेकाठची उष्ण कुंडे

जर्मनीत ग्रामनामाच्या आरंभी ‘बाड’ हा शब्द असला, की ते स्नानोपचाराचे गाव समजावे. तेथे रुग्ण वैद्य सांगतील तितकाच वेळ पाण्यात बसतो. उरलेला दिवस उद्यानात शांतपणे घालवितो.

असे जल आपल्याकडेही आहे. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उष्ण झरे आहेत. भूगर्भात खोल मुरलेले पाणी तापून खडकांच्या भेगांतून वर येते. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर उभारले गेले, असे परंपरा सांगते.

वाचकहो, तेथे अवश्य जावे. मात्र कुंडात साबण वा निर्माल्य टाकू नये आणि हृदयविकार असल्यास आधी वैद्यांना विचारावे. श्रद्धेला पथ्याची जोड मिळाली, तरच तीर्थ आरोग्यधाम होते.