सेंद्रिय मालाचे जादा दाम कशासाठी?

नाशिकच्या भाजीबाजारात भेंडीचे दोन ढीग शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एक साधा, दुसरा ‘सेंद्रिय’ अशी पाटी लावलेला. आणि दुसऱ्याचा भाव पहिल्याच्या दीडपट, प्रसंगी त्याहूनही अधिक. हे जादा पैसे कशाचे, असे गिऱ्हाईक विचारते. तोच प्रश्न उलट बाजूने निफाडचा किंवा सुरगाण्याचा शेतकरी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यास विचारतो : एवढा भाव मिळत असेल, तर आपणही रासायनिक खते व औषधे सोडून का देऊ नयेत? दोघांनाही उत्तर देणे कार्यकर्त्याचे काम असल्याने या बाबतीत निश्चितपणे काय माहीत आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

सेंद्रिय माल अधिक पौष्टिक असतो, ही समजूत फार पसरलेली आहे. तिला आधार मात्र थोडा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या मालांत लक्षात घेण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ साली झालेल्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही उपयुक्त द्रव्ये अधिक व कॅडमियम ही विषारी धातू कमी आढळली. परंतु त्यामुळे खाणाराची प्रकृती किती सुधारते, हे त्यावरून ठरत नाही. एका गोष्टीवर मात्र दोन्ही आढावे एकमताचे आहेत. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष पुष्कळच कमी वेळा सापडतात. म्हणजे जादा दाम द्यावयाचे ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी.

अवशेष म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यास सांगावयास नको. २००३ साली येथील द्राक्षांत मिथोमिल व ॲसिफेट या औषधांचे अवशेष युरोपात सापडले व निर्यात अडचणीत आली. त्यानंतर बागांची नोंदणी, काढणीपूर्वी नमुन्यांची तपासणी व मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख अशी व्यवस्था बसविण्यात आली. २००६-०७ पासून ती ‘ग्रेपनेट’ या नावाने चालते. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाने पुन्हा घात केला. त्या वेळी युरोपची मर्यादा दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम इतकी होती. हिशेब करून पाहावा : दहा टनांचे दोन ट्रक भरून द्राक्षे घेतली, तर त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम. तेवढ्याने माल नाकारला गेला व बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले.

या प्रकरणातून मिळालेला बोध निर्यातदारांपुरता नाही. आज नाशिकची निर्यातक्षम द्राक्षे बहुतांशी सेंद्रिय नाहीत. परंतु त्यांत अवशेष किती, हे तपासून कागदावर लिहिलेले असते. उलट बाजारातील पाटीवरचा ‘सेंद्रिय’ हा शब्द कोणीही खडूने लिहू शकतो. तपासलेला साधा माल व न तपासलेला ‘सेंद्रिय’ माल यांत निवड करावयाची झाल्यास शहाण्या माणसाने पहिला घ्यावा.

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, हीही एक भाबडी कल्पना होय. मोरचूद व कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी १८८५ साली जाहीर केले; आजही सेंद्रिय बागेत ते ठराविक मर्यादेत वापरता येते. गंधकाचेही तसेच. ज्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर अवेळी पाऊस आला की केवडा व भुरी रात्रीतून पसरतात, तेथे पाठीवरचा पंप अडगळीत टाकून बाग राखता येईल, असे आश्वासन कोणी देऊ नये.

खाणाराने सर्वच मालास सारखे जादा दाम देण्याचे कारण नाही. कांद्याचे उदाहरण घ्यावे. खाण्याचा भाग जमिनीत वाढतो, वरची टरफले काढून टाकली जातात, आणि अवशेष सापडण्याचे प्रमाण अत्यल्प असते. बाजरी व नागली या पिकांवर मुळातच फवारण्या थोड्या. डाळिंबाची साल जाड. याउलट भेंडी, वांगी व मिरची यांची तोडणी दोन-चार दिवसांआड चालू असते आणि त्याच काळात किडीचाही जोर असतो. औषधाच्या डब्यावर सांगितलेला काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ सात दिवसांचा असेल, तर तिसऱ्या दिवशी तोडलेल्या भेंडीत तो पाळला कसा जाणार? कोथिंबीर व मेथी या पालेभाज्या तर पानासकट पोटात जातात. घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असेल व चार पैसे अधिक देण्याची ऐपत असेल, तर ते या भाज्यांवर व द्राक्षांवर खर्च करावेत, कांद्यावर नव्हे.

धोका किती, हेही मापात पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१४-१५ साली २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी शेकडा १८.७ नमुन्यांत काही ना काही अवशेष आढळले. मर्यादेपलीकडे गेलेले नमुने शेकडा २.६ होते. मात्र शेकडा १२.५ नमुन्यांत त्या पिकासाठी शिफारस नसलेली औषधे सापडली, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दररोज निदान ४०० ग्रॅम भाजीपाला व फळे खाण्याची शिफारस केली आहे. पाच माणसांच्या कुटुंबास दोन किलो झाले. भाव किलोस ४० रुपये धरला तर रोजचे ८० रुपये. दीडपट भावाने १२० रुपये, म्हणजे महिन्यास १,२०० रुपये अधिक. हे पैसे नसल्यामुळे जे कुटुंब दोन किलोंऐवजी सव्वा किलोवर भागवील, त्याचे हितापेक्षा नुकसानच अधिक होईल. अशा घराने साधी भाजी भरपूर घ्यावी व वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषि प्रयोग केंद्रात २००० साली बारा औषधांवर प्रयोग झाला. नुसत्या नळाच्या पाण्याने त्यांपैकी नऊ औषधांचे अवशेष कमी झाले. त्यासाठी साबण किंवा महागडे द्रावण लागत नाही. आंतरप्रवाही औषधे मात्र पेशींत शिरतात. ती धुऊन जात नाहीत. त्यांचा उपाय शेतातच व्हावयास हवा.

शेतात उभ्या असलेल्या माणसाचा विचार या चर्चेत सहसा येत नाही, आणि वास्तविक तोच प्रथम यावयास पाहिजे. खाणारास मिलिग्रॅमचा अंश मिळतो. फवारणारा मात्र उघड्या हातांनी औषध कालवतो व वाऱ्याबरोबर ते श्वासात घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. सेंद्रिय मालास दिलेल्या जादा दामातील सर्वांत सार्थ रुपया हा या माणसाच्या वाट्याचा आहे. ज्या शेतकऱ्यास भाव मिळो न मिळो, त्यानेही सापळे, निंबोळी अर्क व किडीची पातळी पाहून फवारणी या मार्गाने औषध निम्म्यावर आणता आले, तर आणावे.

आता शेतकऱ्याचा हिशेब. जगभरच्या प्रयोगांचा २०१२ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सेंद्रिय पिकांचे उत्पन्न सरासरीने शेकडा २५ कमी आढळले. पीक व परिस्थिती यांनुसार ही तूट शेकडा ५ ते ३४ अशी बदलते. शंभर क्विंटलांच्या जागी पंचाहत्तर आले, तर तितकीच रक्कम हाती येण्यास भाव एक-तृतीयांशाने वाढावा लागतो. खते-औषधांचा खर्च वाचतो, पण निंदणी व शेणखताची मजुरी वाढते. शिवाय हंगामी पिकास दोन व द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकास तीन वर्षांचा परिवर्तनकाळ काढावा लागतो. त्या काळात तूट सोसावी लागते आणि पूर्ण सेंद्रिय म्हणून भाव मागता येत नाही. कर्जावर उभ्या असलेल्या बागेने हा डाव एकदम खेळू नये.

सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांची गोष्ट निराळी. तेथील नागली व वरईस अनेक शेतकरी रासायनिक द्रव्ये मुळात घालतच नाहीत. तरी माल साध्या भावाने विकला जातो, कारण कागद नाही. येथे उत्पन्नात घट सोसण्याचा प्रश्न फारसा नाही, उणीव आहे ती पुराव्याची. निर्यातीसाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणपत्र लागते व ते खर्चाचे असते. देशातील बाजारासाठी मात्र सहभाग हमी पद्धत, म्हणजे ‘पीजीएस’, पुरेशी आहे. तीत एका किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि त्याची नोंद विभागीय परिषदेमार्फत होते. २०१७ च्या नियमांनुसार बांधीव सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. गिऱ्हाइकाने पाटीऐवजी ते पाहावे.

गट करावयाचा झाल्यास कार्यकर्त्यांनी पहिल्या हंगामापासूनच प्रत्येक सभासदाची वही घालून द्यावी व पेरणी, बियाणे, खत आणि फवारणी यांच्या तारखा त्याच दिवशी लिहून घ्याव्यात. नंतर आठवून भरलेली वही तपासणीस टिकत नाही. शेताचा तुकडा निवडताना शेजारच्या बागेतील ब्लोअरचा फवारा वाऱ्याने येणार नाही व तिकडचे पाणी बांधावरून उतरणार नाही, अशी वरच्या अंगाची जागा घ्यावी. ती न मिळाल्यास कडेने शेवरीची दाट रांग लावून मधला पट्टा हिशेबातून वगळावा.