डाखकामाचे पहिले साधन

पितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर भांडे तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि कथिलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वत्र पसरवितो. नवसागराच्या धुराबरोबर भांड्यावरील गंज निघून जातो व कथील पितळेला घट्ट धरून बसते. डाख देण्याच्या क्रियेचे सारे तत्त्व या जुन्या उद्योगात सामावलेले आहे. धातूचा पृष्ठभाग स्वच्छ असावा, तो पुरेसा तापलेला असावा आणि तो स्वच्छ करणारे द्रव्य काम चालू असताना तेथे हजर असावे, एवढ्या तीन गोष्टी साधल्या की काम झाले. रेडिओच्या तारा जोडताना हेच तीन नियम लागू होतात. मात्र येथे जागा तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि शेजारचा भाग अति तापला तर निकामी होतो.

एखादा विद्यार्थी हौसेने विद्युत्-उपकरणे बांधू लागतो, तेव्हा त्याची पहिली खरेदी बहुधा पेटीबंद संचाची असते. चकचकीत पेटीत पंधरा-वीस वस्तू असतात आणि किंमत थोडी असते. घरी आणल्यावर मात्र डाख गोळी होऊन पडतो, तारेला चिकटत नाही, आणि बांधलेले यंत्र बोलत नाही. दोष हत्याराचा असतो; परंतु मुलगा तो स्वतःच्या हातांना लावतो व पुष्कळदा हा नादच सोडून देतो. खरेदीचा विचार काळजीपूर्वक करावयाचा तो यासाठी.

पूर्वीचे कारागीर तांब्याचा जड ठोकळा कोळशाच्या शेगडीत तापवीत व तो थंड होण्यापूर्वी काम उरकीत. पुढे विजेवर चालणारे हत्यार आले; जर्मनीत एर्न्स्ट साख्स यांनी १९२१ मध्ये काढलेल्या एर्सा या कारखान्यात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. साध्या हत्याराची रचना आजही फारशी बदललेली नाही. अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार, तिच्या आत तांब्याचे टोक आणि हातात धरण्यासाठी मूठ, एवढाच त्याचा संसार. २३० व्होल्टच्या विजेवर २५ वॅटचे हत्यार सुमारे ०.११ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे त्याच्या तारेचा रोध २,१०० ओहमच्या आसपास असावयास हवा. ६० वॅटच्या हत्याराचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. दुकानात मल्टिमीटर असल्यास हत्यार विजेला न जोडता प्लगच्या दोन पिनांमध्ये हा आकडा पाहता येतो व वेष्टनावरील वॅटचा दावा खरा की खोटा हे क्षणात कळते. ज्यांत चिनी मातीचा तापक किंवा नियंत्रक बसविलेला असतो त्या हत्यारांना मात्र ही परीक्षा लागू नाही.

वॅट म्हणजे तापमान नव्हे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. साधे हत्यार विजेला जोडल्यावर तापत जाते आणि जेवढी उष्णता आत येते तेवढीच हवेत निघून जाऊ लागली म्हणजे त्याचे तापमान स्थिर होते. नुसते ठेवून दिले असता ते गरजेपेक्षा अधिक तापते. तांब्याच्या रुंद पट्टीला टेकविले की उष्णता झपाट्याने ओढली जाते व तापमान कोसळते. नियंत्रित हत्यारात टोकाजवळ बसविलेला संवेदक तापमान पाहतो आणि उणीव पडली की अधिक वीज सोडतो. म्हणून नियंत्रक असलेले ६० वॅटचे हत्यार नाजूक कामालाही २५ वॅटच्या साध्या हत्याराहून अधिक सुरक्षित ठरते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते. वेलर कंपनीने तर या नियंत्रणासाठी चुंबकत्वाचा सुंदर उपयोग करून घेतला. लोहचुंबकीय मिश्रधातू एका ठराविक तापमानाला आपले चुंबकत्व गमावतो. त्यास क्यूरी बिंदू म्हणतात. टोकाच्या मागे अशा मिश्रधातूचा तुकडा बसविला की त्या तापमानाला तो चुंबकास सोडतो व वीज आपोआप बंद होते. थंड होताच पुन्हा ओढाओढ सुरू!

ज्याला महिन्यातून दोन-चार जोड द्यावयाचे आहेत, त्यास २५ वॅटचे साधे हत्यार पुरते. ते काही शंभर रुपयांत मिळते. आठवड्याला काम करणाऱ्याने मुठीतच नियंत्रक असलेले हत्यार घ्यावे. स्वतंत्र नियंत्रक-पेटी असलेले साधन अनेकांनी मिळून वापरावयाचे असेल तरच, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, योग्य होय. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड येथील दुकानांत तिन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले आढळतात, आणि हातात धरून पाहण्याची सोय असते. मूठ बोटांना जड वाटू नये आणि तार इतकी ताठ असू नये की ती हत्यार टेबलावरून ओढील.

परंतु हत्याराची खरी परीक्षा त्याच्या टोकात, बाजारात ज्याला ‘बिट’ म्हणतात त्यात, आहे. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते. पण वितळलेल्या कथिलात ते हळूहळू विरघळते. म्हणून उघड्या तांब्याच्या टोकाला खळगे पडतात व ते कानसीने घासून पुन्हा नीट करावे लागते. चांगल्या टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. लोखंडही विरघळते, परंतु फार सावकाश. असे टोक मात्र कधीही कानशीने घासू नये. मुलामा एकदा गेला की आतील तांबे उघडे पडून ते खंगत जाते. जुन्या कारागिराची चांगली सवय नव्या हत्याराला अशा रीतीने घातक ठरते. ज्या हत्याराचे टोक पेठेत सुटे मिळत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. पेटीतील पाच सुईसारखी टोके ही शोभेची वस्तू समजावी, कारण सुईच्या अग्रातून उष्णता पुरेशी जात नाही. छिन्नीच्या आकाराचे, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे एकच टोक बहुतेक कामे करते.

प्लगला तीन पिना आहेत की दोन, हे अवश्य पाहावे. तिसरी पिन भूमीशी जोडलेली असते. आतील अभ्रक फुटून वीज धातूच्या नळीपर्यंत आली तर ती या वाटेने निघून जाते आणि फ्यूज उडतो. दोन पिनांच्या हत्यारात ती वाट धरणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकते. सूक्ष्म गळती माणसाला जाणवली नाही तरी काही ट्रान्झिस्टरांचा नाश करण्यास पुरते. मोठ्या पिनेपासून टोकापर्यंतचा रोध एक-दोन ओहमहून फार अधिक नसावा. येथे काटकसर करू नये.

डाखाची तार हा संचातील सर्वांत फसवा भाग. कथील ६३ भाग व शिसे ३७ भाग असे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व एकदम गोठते. शुद्ध कथिलाला २३२ आणि शिशाला ३२७ अंश लागतात, हे पाहिले म्हणजे मिश्रणाचे वैशिष्ट्य ध्यानी येते. कथील महाग असल्यामुळे स्वस्त तारेत ते कमी घालण्याचा मोह होतो. कथील ४० भागच असेल तर डाख १८३ पासून सुमारे २३८ अंशांपर्यंत लापशीसारखा राहतो. गोठताना तार किंचित हलली तरी जोड आतून भंगतो. थोडा डाख पत्र्यावर वितळवून पाहावा: चांगला झटकन व चकाकीने गोठतो, हलका रेंगाळतो व मळकट दिसतो. तारेच्या पोटात राळ भरलेली असावी. दुकानात जाडी गेज क्रमांकाने सांगतात. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, आणि नवशिक्याला तीच सोयीची. नवसागर किंवा जस्ताचा क्षार असलेले द्रव्य पत्र्याच्या कामाला उत्तम, पण विद्युत्-मंडलाला नको. त्याचा उरलेला अंश तारा कुरतडतो. नुसते ‘पेस्ट’ एवढेच लिहिलेली डबी म्हणूनच घेऊ नये.

बाकीच्या वस्तूंना फार शब्द नकोत. जड बैठकीचा स्टँड हवाच, कारण तापलेले हत्यार टेबलावरून घरंगळले तर पाय भाजतो. टोक पुसण्यास ओला स्पंज किंवा पितळेचा कीस, जुना डाख शोषण्यास हातपंप वा विणलेली तांब्याची पट्टी, तारा कापण्यास लहान कटर. एवढे पुरे.

काम करताना दिसणारा धूर राळेचा असतो, शिशाचा नव्हे. नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. राळेच्या धुराने मात्र दमा जडू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी व तोंड जोडावर ओणवे करू नये. शिसे शरीरात जाते ते बोटांवाटे. कामाच्या टेबलावर खाऊ नये, तार दातांत धरू नये, नंतर हात साबणाने धुवावे. लहान मुले वावरतात त्या घरात शिसेविरहित तार घ्यावी हे बरे. कथील व अल्प तांबे यांची अशी तार २२७ अंशांना वितळते, म्हणून टोक थोडे अधिक तापवावे लागते, व जोड मुळातच कमी चकाकतो.

नवे हत्यार प्रथम तापविताना, टोक डाख वितळविण्याइतके गरम होताच त्यावर राळभरली तार टेकवावी आणि अग्रभाग सर्व बाजूंनी रुपेरी करून घ्यावा. मुलामा गंजण्याआधीच त्यावर डाखाचा थर बसला पाहिजे. काम संपल्यावरही टोक पुसून कोरडे ठेवण्याऐवजी त्यावर डाखाचा एक थेंब तसाच राहू द्यावा आणि मग वीज बंद करावी. दुसऱ्या दिवशी तापताच तो थेंब पुसून टाकला की खाली स्वच्छ टोक मिळते.