काओरची 'काळी' वाईन

मालबेक म्हटलं की हल्ली सगळ्यांना अर्जेंटिना आठवतो. पण या द्राक्षाचं माहेर नैऋत्य फ्रान्समधलं, लोत नदीच्या वळणांवरचं काओर. १९५६च्या फेब्रुवारीतल्या थंडीने इथले बहुतेक मळे मारले. लोकांनी पुन्हा वेली लावल्या आणि १९७१मध्ये काओरला 'अपेलासियाँ'चा, म्हणजे ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच प्रदेशाचं नाव लावण्याचा, दर्जा मिळाला. काओर नावाच्या वाईनमध्ये किमान ७० टक्के मालबेक हवंच. बाकी मर्लो नाहीतर ताना.

ग्लास उजेडासमोर धरा: कडेला जांभळी, मधोमध जवळजवळ काळी! पहिल्या घोटाला जांभूळ खाल्ल्यावर धरते तशी जीभ धरते. या तुरटपणाला चरबी लागते. म्हणून तिथे सोबतीला बदकाची तंगडी, त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेली. किंवा पांढऱ्या घेवड्याचं, सॉसेज घातलेलं कासुले. नाजूक मासे मात्र अजिबात नकोत, वाईन त्यांना गिळून टाकते.

आणि माझी आवडती गावठी रीत, 'शाब्रो': सूप संपत आलं की तळाशी उरलेल्या गरम रश्शात थोडी वाईन ओतायची, वाडगा गोल फिरवायचा आणि चमचा बाजूला ठेवून सरळ तोंडाला लावायचा.